शनिवारचं तेल

सुरेखा, चाललं! अगं, चाललं तुझं तेल!

बुधवारी दुपारी, महाप्याच्या आपल्या शेडमध्ये, सगळ्यांच्या देखत तुझ्या शेवटच्या ड्रमवर टर्बाइन पेटलं. माझ्या मोटरने त्याला हात दिला आणि पंखा असा काही फिरला की जाळीच्या अलीकडे उभ्या असलेल्या पाहुण्यांच्या हातातले कागद उडाले. मी ओरडले. मी म्हणजे कोण, तर वाढदिवसाला टाळ्या वाजवतानाही लाजणारी बाई. ओरडले, दोन उड्या मारल्या आणि उजवीकडे वळून तुझ्या दंडाला चिमटा काढायला हात नेला, तर तिथे कारखानीस साहेब! थोडक्यात वाचले बिचारे.

एवढी मोठी बातमी आहे आणि जिला सांगायची ती तूच नाहीस. म्हणून लिहायला बसले. मधे बोलू नकोस. म्हणजे बोललीस तर मला हवंच आहे, पण सवयीने म्हणाले.

पहिल्यापासून सांगते. तुला सगळं ठाऊक आहे तरी सांगते, कारण तूच दटावायचीस, "नीले, मधनंच घुसू नगंस, सुरवातीपासनं सांग."

तर, आपण दोघी एकाच कंपनीत, एकाच इंजिनावर, पण भिंतीच्या दोन बाजूंना. अलीकडच्या गाळ्यात मी, माझी मोटर आणि माझ्या बॅटऱ्या. पलीकडच्या गाळ्यात तू, तुझा रिअॅक्टर आणि तो जळक्या कढईचा वास. लोकांच्या स्वयंपाकघरातलं तळणीचं तेल गोळा करायचं, धुवायचं, गाळायचं, हायड्रोजनच्या दाबाखाली तापवून त्याच्या लांबलचक साखळ्या तोडायच्या आणि त्याचं पाण्यासारखं नितळ, विमानात घालण्याजोगं इंधन करायचं, हे तुझं काम. विमान जमिनीवरून उठताना जोर जास्त लागतो, तेव्हा तुझं टर्बाइन आणि माझी मोटर दोघांनी मिळून पंखा ओढायचा. वर पोचलं की मोटर गप्प आणि टर्बाइन एकटं. याला जगभर हायब्रिड म्हणतात. तू म्हणायचीस, "म्हंजी वरात काढायला तू आनि संसार ओढायला मी."

मला तू 'वायरमन' म्हणायचीस. बाईला वायरमन! आणि मी तुला 'तेलकट'. तुझा त्यावर ठरलेला जवाब होता. तुझे वडील तुर्भ्याच्या मार्केटात माथाडी, साताऱ्याकडून आलेले. "आमच्या घरानं तेल पाठीवरनं वाहिलंय, वायरमन. तेलकट म्हनलीस तर मला मान दिल्यासारखं हाय." पगार वाढला, खारघरला फ्लॅट झाला, परदेशातल्या परिषदांत फाडफाड इंग्रजी बोलून आलीस, पण चिडलीस की सातारा बाहेर यायचाच. आणि चिडवायला मी होतेच.

माझं म्हणणं साधं होतं. आज ना उद्या बॅटरी हलकी होणार, मग जाळायचं कशाला काही? तार आहे ना! तू बोट नाचवत म्हणायचीस, "नाकापेक्षा मोती जड झालाय तुझा. इमान तुझी बॅटरीच उचलत बसंल. मानसं काय पंखावर बसवायची?"

"आणि तुझ्या तेलासाठी काय, अख्ख्या महाराष्ट्राने रोज भजी तळायची?"

"तळू दे की! कुनाला नकोत भजी?"

या वादाला शेवट नव्हता आणि आपल्याला तो नकोही होता. पण दुसरा एक वाद होता. तो मात्र खरा होता, आणि अर्धाच राहिला. शनिवारचा.

सुरुवात माझ्या रविवारापासून झाली, हे मान्य. तुला तेल हवं होतं आणि हॉटेलवाले, फरसाणवाले काही धड देत नव्हते. मी म्हटलं, घराघरांतून घेऊ. तुझ्याच सोसायटीपासून सुरू करू. रविवारी सगळे घरी असतात. मी झकास पोस्टर केलं. वापरलेलं तेल मोरीत ओतू नका, परत फोडणीला घालू नका, त्यातून विमान उडेल, पर्यावरण वाचेल, वगैरे. रविवारी सकाळी आपण दोघी गेटपाशी ड्रम मांडून बसलो. दुपारपर्यंत काय आलं? एक बाटली. तीही अर्धी. आणि एका काकांनी विचारलं, "पेपरची रद्दी पण घेता का?"

नंतर कधीतरी तू तुझ्या सोसायटीतल्या सावंतकाकूंना शनिवारी संध्याकाळी वाटीत तेल घेऊन मारुतीच्या देवळाकडे जाताना पाहिलंस. वाटीत आधी आपलं तोंड बघायचं, मग ते तेल देऊन टाकायचं, म्हणजे शनीची पीडा त्या तेलाबरोबर जाते. छायादान. माझ्या आजोळी कोकणातही करायचे. तुझे डोळे चमकले. दुसऱ्याच दिवशी सोसायटीच्या ग्रुपवर तुझा मेसेज: दर शनिवारी संध्याकाळी गेटवर तळणीच्या तेलाचं दान स्वीकारलं जाईल.

दान! मी वाचलं आणि माझं डोकंच फिरलं.

"सुरेखा, तू केमिस्ट आहेस की भटजी?"

"केमिस्ट हाय म्हनूनच सांगते. ड्रम भरला माझा."

भरला होताच. त्या शनिवारी बी विंगमधल्या बायका रांगेने आल्या म्हणे. कुणाच्या हातात बरणी, कुणाच्या हातात स्टीलचा डबा. येऊन झाकण काढायच्या, तेलात तोंड बघायच्या आणि ड्रममध्ये रिकामं करायच्या. मला तू फोटो पाठवलास. मी उत्तर दिलं नाही. सोमवारी कँटीनमध्ये मात्र आपलं जोरदार वाजलं. मी म्हटलं, उद्या हे विमान उडालं तर श्रेय शनीला जाईल, तुझ्या केमिस्ट्रीला नाही. अशाने आपण लोकांना शहाणं करतोय की आणखी मागे ढकलतोय? तू चहात पाव बुडवून शांतपणे खात होतीस. मग म्हणालीस, "नीले, जळकं काळं तेल हे लई झ्याक आरसा असतंय. बाई त्यात तोंड बघते, तवा तिला दिसतं ते किती काळं झालंय. मग ती ते परत लेकरांच्या फोडणीला घालत न्हाई. तुझ्या पोस्टरनं एक तरी बाई तेलात वाकून बघत होती का?"

"मग तेच सरळ सांग ना!"

"सरळ सांगून अर्धी बाटली आली हुती."

यावर मी उठून चहाचे पैसे देऊन आले, याचा अर्थ मला पटलं असा नव्हे. नोंद करून ठेव.

आणि मग देवानेच, म्हणजे तुझ्या शनीनेच, माझी बाजू घेतली. आठवतंय? सावंतकाकू म्हणजे सोसायटीतलं शास्त्राचं सुप्रीम कोर्ट. त्यांनी ग्रुपवर सगळ्यांना बजावलं, नुसतं तेल काय देता, शनीच्या दानात काळे उडीद हवेत, लोखंडी खिळा हवा आणि मिठाचे खडे हवेत, नाहीतर फळ नाही. झालं! अख्ख्या बी विंगने इमानेइतबारे प्रत्येक डब्यात मूठभर उडीद, एक खिळा आणि खडेमीठ टाकलं. उडीद आणि खिळे गाळणीत अडकले. मीठ कसलं अडकतंय! तळणीच्या तेलात पाण्याचा अंश असतोच, त्यात बसून ते निम्मंअधिक पुढे गेलं. नेहमीच्या धुण्याने निघण्यापलीकडचं होतं ते. रिअॅक्टरमधला तो महागाचा कॅटॅलिस्ट, ज्याच्या जिवावर तुझ्या साखळ्या तुटायच्या, तो साफ मेला. तू मला भिंतीपलीकडून हाक मारलीस, मी धावत आले, तर तू जमिनीवर बसलेली, हातात गाळणी, गाळणीत खिळे.

मला वाटलं रडतेयस. तू हसत होतीस! "मिठाचा खडा," एवढंच म्हणायचीस आणि परत हसायचीस. "नीले, आयुष्यभर म्हन ऐकली. पडला बघ खरोखरचा."

मी अर्थातच संधी साधली. "बघ! मी सांगत होते. तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं."

मला खात्री होती, आता ही शनिवार बंद करणार. दुसरी कुणी असती तर काकूंना चार गोष्टी सुनावल्या असत्या. तू त्यांच्या घरी गेलीस, कांदेपोहे खाल्लेस आणि म्हणालीस, "काकू, मीठ, उडीद नि खिळा वेगळ्या पिशवीत द्या. तेल वेगळं. दोन्ही पोचतं, मी बघते." काकूंना पटलं. पुढच्या शनिवारपासून ड्रमशेजारी पिशव्यांचा ढीग. खिळ्यांवर शेडमधली सगळी कॅलेंडरं टांगली गेली. मीठ तू बेलापूरजवळच्या दिवाळे गावाहून मासे घेऊन येणाऱ्या हिरूबायला देऊ केलंस, तर तिने हात जोडले. "नको गो बाय! लोकांची साडेसाती आमचे सुकटीत?" पण जाताना म्हणाली, "आमचे तव्यावरचा तेल हाय, म्हावऱ्याचा. त्यो चालंल का तुला?" आणि तीही दर शनिवारी कॅन आणू लागली.

तेव्हापासून तू ड्रमांना नावं द्यायला लागलीस. एकावर 'हिरूबाय', एकावर 'बी विंग'. आणि सगळ्यात चांगला जो उतरला, जो मी फ्रीझरमध्ये घालघालून थकले तरी गोठला नाही, त्याचं नाव तू ठेवलंस 'सावंतकाकू'. मी थंडीत गोठणाऱ्या खोबरेलाची बाटली तुझ्या नाकासमोर नाचवत म्हणायचे ना, वर आभाळात तुझं तेल असंच दगड होईल? त्याला तो ड्रम तुझा जवाब होता. ओल्या हातांनीच मला बोलावून तू तो दाखवलास. इतका आनंद मी तुझ्या चेहऱ्यावर क्वचित पाहिलाय.

आणि मग तू गेलीस. सकाळी कामाला निघालीस आणि जिन्यातच बसलीस. इतकंच. याच्यावर मी जास्त लिहिणार नाही. मला जमत नाही, आणि तुलाही ते ऐकायला आवडलं नसतं.

दहाव्याला मी आले होते. कावळा लगेच शिवला. सगळे म्हणाले, समाधानाने गेली, काही इच्छा राहिली नव्हती. मी मनात म्हटलं, साफ खोटं! ड्रम राहिलाय तिचा.

खरंच राहिला होता. पाहुणे यायचे होते, म्हणजे ज्यांच्या पैशावर आपलं सगळं चाललंय ती मंडळी. त्यांच्यासमोर इंजिन चालवून दाखवायचं आधीच ठरलेलं. कारखानीस साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. माणूस वाईट नाही, तुला माहीतच आहे, पण जबाबदारी दिसली की त्यांना घाम फुटतो.

"नीला मॅडम, ड्रम एकच आहे. करणाऱ्या बाई आता नाहीत. उद्या काही झालं तर उत्तर कोण देणार? आपण नेहमीचं विमानाचं तेल घालू. तुमची मोटर दिसेल, तुमचंच कौतुक होईल."

"आणि पलीकडचा गाळा?"

"तो... तो मग बघू."

'बघू' म्हणजे काय, ते मला नीट कळतं. रिअॅक्टर उतरवतील, गाळा कुणा पॅकिंगवाल्याला देतील आणि तुझं नाव एखाद्या रिपोर्टात राहील. तुझी इतक्या वर्षांची खटपट, ते धुणं, ते गाळणं, ते पोहे, सगळं संपेल. गंमत अशी की मी नुसती गप्प बसले असते तरी आपला वाद मीच जिंकले असते. तेल बाद, तार पास! पण समोर तू नसताना जिंकण्यात काय मजा? कुणाचं तोंड पडलेलं बघायचं होतं मला?

"उत्तर मी देईन," मी म्हटलं.

"तुम्ही? तुम्ही तर कायम त्या तेलाला नावं ठेवलीत."

"म्हणूनच. त्यातली एकूण एक खोट मला पाठ आहे, साहेब."

त्यांनी रुमालाने कपाळ पुसलं आणि म्हणाले, "ठीक आहे. पण माझ्याकडे लेखी परवानगी मागू नका." म्हटलं ना, घाम फुटतो.

सुरेखा, त्यानंतरचे दिवस मी तुझ्या तेलाची अशी काळजी घेतली की माझ्या मोटरला सवतीमत्सर वाटावा. नेहमीच्या विमानाच्या तेलात रबराच्या रिंगा फुगून घट्ट बसतात. तुझं तेल फारच स्वच्छ, त्यात त्या आक्रसतात आणि गळती लागते. हे टोचून टोचून तुला कोण दाखवायचं? मीच. तू चिडून सगळ्या रिंगा वेगळ्या रबराच्या घालून घेतल्या होत्यास. तरी मी एकेक जोड पुन्हा तपासला. अक्षरशः डोळ्यांत तेल घालून. हस, हस.

तर बुधवार. पाहुणे आले. भिंतीवरच्या मोठ्या स्क्रीनवर आकडे, आणि 'इंधन' या चौकटीत नाव, 'सावंतकाकू'. मी ते बदललं नव्हतं. मुद्दाम. पाहुण्यांतले एक साहेब चष्मा वर करून म्हणाले, "सावंतकाकू हे कसलं कोड आहे?" कारखानीस साहेबांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि छातीठोकपणे सांगितलं, "लोकल फीडस्टॉक, सर." काकू म्हणजे स्थानिक कच्चा माल! मी ओठ चावून उभी राहिले.

टर्बाइन सुरू केलं. ती शिट्टी चढत गेली, ज्योत धरली, आकडे वर गेले. एकदाही खोकलं नाही. माझी मोटर जोडली. दोघांचा जोर एका दांड्यावर आला आणि पंखा दिसेनासा झाला. पत्रे थरथरायला लागले. तेवढ्यात कारखानीस साहेब पांढरेफटक पडून माझ्या कानाशी ओरडले, "मॅडम, गळतंय!"

खरंच गळत होतं. इंजिनाखालच्या ट्रेमध्ये थेंब. टप, टप. रिंगा! एवढं करून शेवटी रिंगाच! वेग उतरवला, पंखा थांबवला, सगळं गार होईपर्यंत उभं राहवेना. पाहुणे घड्याळं बघायला लागले. त्यातले एक जण हळूच म्हणाले, "वनस्पती तेलांचा हा प्रॉब्लेम असतोच." मी आत गेले, वाकले, थेंबात बोट बुडवलं आणि उजेडात धरलं.

हिरवं होतं!

तुझं तेल पाण्यासारखं बिनरंगी. हिरवं असतं ते माझं, मोटर थंड ठेवणाऱ्या पाइपातलं पाणी. माझा क्लॅम्प सैल राहिला होता. तुझ्या रिंगा तपासण्याच्या नादात मी माझा क्लॅम्प आवळायला विसरले होते! मी उठून उभी राहिले आणि सगळ्या शेडला ऐकू जाईल अशी ओरडले, "गळती माझी आहे! माझी!" स्वतःची चूक इतक्या आनंदाने सांगणारी बाई त्या पाहुण्यांनी जन्मात पाहिली नसेल. मला तुझा आवाज लख्ख ऐकू आला, "काय वायरमन? पानी कुनाचं गळलं?" तुझं, बाई, तुझं काहीच नाही गळलं. माझंच. थोडं डोळ्यांतूनही, पण ते मी तोंड फिरवून पुसलं.

क्लॅम्प आवळला. पुन्हा सुरू. या वेळी पूर्ण जोर, विमान उठताना लागतो तसा. मग मी हळूहळू माझी मोटर काढून घेतली आणि पंखा नुसत्या तुझ्या तेलावर ठेवला. स्क्रीनवरची रेघ हलली नाही, सुरेखा. सरळ. मी फक्त बटणाशी उभी होते आणि तिकडे बी विंगच्या पुऱ्या, हिरूबायचे बोंबील, कुणाकुणाच्या सत्यनारायणाची भजी असं सगळं मिळून विमानाचा पंखा फिरवत होतं. ज्या दिवशी हे खरं विमान उचलेल, त्या दिवशी मी आत बसणार आहे, आणि खिडकी मलाच पाहिजे.

एक मात्र झालं. शेडमधली पोरं आधीपासून पैजा मारत होती की भज्यांचा वास येणार. तू त्यांना सांगून सांगून दमलीस की वास येणार नाही, साखळ्या तुटल्या की तो वासही गेला. मीही बाहेर जाऊन मुद्दाम धुराड्याच्या वाऱ्याला उभी राहिले. नव्हता वास. जराही नव्हता. तुझंच खरं होतं. आणि तिथे मला एकदम इतकं वाईट वाटलं, काय सांगू. तुझ्या ओढणीला, केसांना, डब्याला तो वास असायचा. मी नाक मुरडायचे. आता पलीकडच्या गाळ्यातही तो कमी होत चाललाय. थोडा तरी यायला हवा होता.

गाळा राहिला, हे सांगायचं विसरलेच! पाहुण्यांनी जाताना विचारलं, हे तेल आणखी किती मिळेल? कारखानीस साहेबांनी लगेच माझ्याकडे बोट केलं. तुझ्या जागी नवीन केमिस्ट घेणार आहेत, रिअॅक्टर पुन्हा सुरू करणार आहेत. पण तेल पाहिजे. तेल कुठून आणणार?

म्हणून काल मी गेले. तू शेवटच्या फोनवर म्हणाली होतीस ना, "नुसती भांडतीस. एक शनिवार गेटवर हुभी ऱ्हा, मग बोल." मी म्हटलं होतं, बघू. माझंही 'बघू' तसलंच.

खारघरला तुझ्या गेटवर ड्रम मांडला. मला वाटलं होतं, कुणी येणार नाही. तू गेल्यापासून कुणी घ्यायलाच नव्हतं. पण संध्याकाळ झाली आणि लिफ्टमधून बायका उतरायला लागल्या. दर शनिवारी त्या डबे भरून ठेवतच होत्या गं! कुणाला फेकवलं नव्हतं. हिरूबाय कॅन घेऊन आली, इंजिन चाललं हे माझ्याकडून ऐकलं आणि ड्रमला हात लावून म्हणाली, "सुरेखाबाय आसती त आज नाचली आसती." मी तिला सांगितलं की मी नाचले, तुझ्या वाटचंही. तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. तिचा विश्वास बसला नसावा.

सावंतकाकू सगळ्यात शेवटी आल्या. मी त्यांना सांगितलं की तुमच्या नावाच्या तेलावर इंजिन चाललं, तुमचं नाव भिंतीएवढ्या स्क्रीनवर होतं. त्या आधी लाजल्या. मग घाबरल्या. "म्हणजे माझी साडेसाती आता विमानात बसली?"

"जळली काकू. धूरसुद्धा धड दिसला नाही."

"मग बरं." त्यांनी सुटकेचा श्वास टाकला. मग माझ्या पिशवीकडे बोट दाखवलं. "तुझं कुठाय?"

होतं माझ्याजवळ. गेल्या आठवड्यात कापण्या तळल्या होत्या, त्याचं राहिलेलं. मी थेट ड्रममध्ये ओतायला गेले, तर काकूंनी मनगट धरलं. "आधी तोंड बघ."

मी म्हणणार होते, काकू, मी हे मानत नाही. सगळ्या बायका बघत होत्या. मी वाकले. काळं तेल, तू म्हणायचीस तसंच, लई झ्याक आरसा. रडून रडून सुजलेलं तोंड आणि त्यावर हे एवढं मोठं हसू. स्वतःला इतकं नीट मी बरेच दिवसांत पाहिलं नव्हतं. मग ओतलं.

ड्रमचं झाकण लावत होते, तर काकू परत वळल्या. खाकरल्या. म्हणाल्या, "तुझं ते पोस्टर मला आठवतंय हो. तुला रविवार हवा होता ना? सुरेखा म्हणायची, नीलाला शनिवारचा फार राग. आता तूच घेणार आहेस, तर आम्ही बायकांनी ठरवलंय. तुला सोयीचा असेल तर रविवारी आणून देऊ. शनीला मी समजावीन."

इतक्या वर्षांनी, सुरेखा! सुप्रीम कोर्टाने माझ्या बाजूने निकाल दिला होता.

"नको काकू," मी म्हटलं. "शनिवारच."